भरतीची रेघ



चालकांचे निमंत्रणपत्र आले तेव्हा विषयाच्या रकान्यात मी गणितातल्या गमतीजमती असे काहीसे लिहून देईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती रास्तच होती, कारण या गावच्या शाळेत मी पंचवीस-सव्वीस वर्षे गणित शिकवीत आलो आहे आणि समोर बसलेल्यांपैकी निदान पन्नास जणांनी माझ्या हातची छडी नाही तरी माझे टोमणे खाल्लेले आहेत. मी लिहून दिले, ‘अंदमानच्या बेटांवर सहकुटुंब’. चालक जरा चपापले. पण त्यांना सांगितले ते आपल्यालाही सांगतो. या प्रवासवर्णनात गणित आहे. फक्त ते चुकलेले आहे, आणि चुकविणारा मी आहे. तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी आज मनसोक्त हसून घ्यावे.

अंदमान म्हटले की आपल्या मराठी मनात पहिला शब्द उमटतो तो ‘काळे पाणी’. आपल्या घरोघरच्या फडताळात ‘माझी जन्मठेप’ असते, आणि माझ्या वडिलांच्या पिढीने ती बेटे त्या पुस्तकाच्या पानांतूनच पाहिली. माझ्या एका चुलत्यांना मी म्हणालो, “काका, आम्ही मुलांना घेऊन अंदमानला चाललोय,” तर ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “काय गुन्हा केलात?” त्यांचा विनोद होता, पण त्यात एका काळाचा सगळा इतिहास होता. जिथे माणसाला पाठवीत ते परत न येण्यासाठी, तिथे आपण आता पोहायचे कपडे घेऊन जातो. हे चांगले की वाईट, याचा निर्णय मी करीत नाही. मी गेलो, एवढे खरे.

आम्ही पाच जण होतो. मी, पत्नी, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई तेव्हा बाहत्तर वर्षांची होती. तिला न्यावे की नाही यावर घरात बराच खल झाला. विमान, मग बोट, मग दुसरी बोट, वर तंबूत झोपायचे! हे वय का तंबूत झोपण्याचे? पण आईचे माहेर रत्नागिरीच्या बाजूचे, अगदी समुद्राला लागून. लग्न होऊन ती इकडे देशावर आली आणि नंतरच्या पन्नास वर्षांत समुद्र तिने जेमतेम चार-पाचदा पाहिला असेल, तोही बसच्या खिडकीतून किंवा कुणाच्या लग्नाकार्याच्या धावपळीत. ती एवढेच म्हणाली, “मला ओझं उचलायला सांगू नका, बाकी मी येते.” प्रश्न मिटला.

२०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो. शाळेला आठवडाभर दांडी मारली. मास्तरानेच दांडी मारल्यामुळे मुलांना कोण बोलणार?

अंदमान-निकोबार म्हणजे एक बेट नव्हे, हे आपल्याला शाळेत सांगितलेले असते, पण ते डोक्यात उतरत नाही. बंगालच्या उपसागरात उत्तर-दक्षिण सातशे किलोमीटरांहून लांब पसरलेली ती पाचशेंवर बेटांची माळ आहे, आणि त्यांतल्या चाळिसांहूनही कमी बेटांवर माणसांची वस्ती आहे. चेन्नई आणि कोलकाता दोन्ही हजार किलोमीटरांहून दूर. त्या मानाने ब्रह्मदेशाचा किनारा बराच जवळ. पण घड्याळ मात्र आपलेच. त्यामुळे तिथे फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाचला सूर्य पाण्यात जातो आणि सहाला मिट्ट काळोख. पहिल्या दिवशी आम्ही पाचला चहा घेऊन ‘आता जरा फिरून येऊ’ म्हणून उठलो आणि अर्ध्या वाटेवरून चाचपडत परत आलो. ही पहिली शिकवण होती. मी ती घेतली नाही.

पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव २०२४ मध्ये श्रीविजयपुरम् झाले, तिथे आम्ही सेल्युलर जेल पाहिले. त्याच्या सात भुजांपैकी आता तीनच उभ्या आहेत. त्याविषयी या व्यासपीठावरून माझ्याहून अधिकारी माणसे बोलून गेली आहेत, म्हणून मी तिथे थांबत नाही. पण शहराबाहेर सिप्पीघाट म्हणून एक जागा आहे, तिथे मात्र आपल्याला थोडा वेळ उभे करतो. रस्त्याच्या कडेला उथळ, निवांत पाणी पसरले होते आणि त्यात झाडांचे वाळलेले बुंधे उभे होते. मुलाला वाटले तळे. टॅक्सीवाला म्हणाला, “तालाब नहीं, खेत था.” २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्राजवळ भूकंप झाला, त्सुनामी आली, हे आपण सारे जाणतो. पण लाट येऊन गेल्यावर पाणी ओसरते, अशी माझी समजूत होती. इथे ते ओसरले नव्हते, कारण पाणी वर आले नव्हते, जमीन खाली गेली होती. पोर्ट ब्लेअरच्या बाजूची भूमी मीटरभर खचली. कालपर्यंत भात पिकत होता तिथे दर भरतीला खारे पाणी शिरू लागले. पार दक्षिणेला ग्रेट निकोबारचे इंदिरा पॉइंट चार मीटरांहून अधिक खचले आणि तिथला दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. आणि गंमत म्हणावी की क्रूर थट्टा, उत्तर अंदमानात याच्या उलट घडले. तिथे जमीन वर उचलली गेली आणि समुद्राखालचे प्रवाळ उघडे पडून उन्हात मेले. एकाच सकाळी, एकाच भूकंपाने!

आई त्या पाण्याकडे बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, “म्हणजे इथल्या लोकांना भरतीची रेघ नव्यानं शिकावी लागली असेल.” मी ‘हं’ म्हटले आणि बोटीच्या तिकिटांच्या चिंतेत पडलो. श्रोतेहो, हे वाक्य आपण लक्षात ठेवा. मी ठेवले नाही.

पुढचे चार दिवस मी भरभर सांगतो, कारण ते सुखाचे होते आणि सुखात सांगण्यासारखे फार नसते. सरकारी बोटीने अडीच तासांत हॅवलॉक. त्याचे नाव त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्वराज द्वीप झाले, आणि शेजारच्या नील बेटाचे शहीद द्वीप. हॅवलॉकवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसविलेले आहे, म्हणून तिथल्या वाड्यांची नावे गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, राधानगर. आपल्याला वाटावे वृंदावनात आलो. नीलवर तर सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. सगळे रामायण एका बेटावर, आणि त्याच्या भोवती भाजीचे मळे. लक्ष्मणपूरला खडकाची एक नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीलाच नीट पाहता येते. मुलांनी काचेचे भिंग डोळ्यांना लावून प्रवाळ पाहिले. काही रंगीत होते, पुष्कळसे हाडासारखे पांढरे-करडे. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापला तेव्हा ते मोठ्या प्रमाणावर मेले, असे तिथल्या नावाड्याने सांगितले. राधानगरची वाळू इतकी मऊ आणि पांढरी की पत्नी म्हणाली, रांगोळीला न्यावी. नेली नाही, हे सांगून ठेवतो. तिथेच एका बाजूला मगरीच्या धोक्याची पाटी आहे, आणि ती शोभेची नव्हे. २०१० मध्ये त्या किनाऱ्याजवळ एका परदेशी पाहुणीचा मगरीने बळी घेतला होता. अंदमानची मगर खाऱ्या पाण्यातली आहे, तिला खाडी आणि समुद्र दोन्ही चालतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमचा खरा बेत होता लाँग आयलंडचा.

हे बेट पोर्ट ब्लेअरच्या उत्तरेला, समुद्रमार्गे ऐंशी किलोमीटरांच्या आसपास. गर्दी तिथे सहसा जात नाही. धक्क्यावर उतरले की एक लहानशी वस्ती, शाळा, दोन-चार दुकाने, सायकली. वस्तीपासून जंगलातून दीड-दोन तास चालत, किंवा डोंगीने, म्हणजे तिथल्या मोटर बसविलेल्या लांबट होडीने, लालाजी बे नावाच्या किनाऱ्यावर जाता येते. तिथे दोन रात्री तंबूत राहण्याची रीतसर परवानगी आम्ही वनखात्याकडून काढली होती. अटी साध्या होत्या. जाळ पेटवायचा नाही, शंखशिंपले उचलायचे नाहीत, आणलेला कचरा परत न्यायचा. डोंगीवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने आम्हाला दुपारी साडेतीनच्या सुमारास वाळूवर उतरविले, त्याच्या घरून आणलेला भात-आमटीचा डबा दिला, वीस लिटरचा पिण्याच्या पाण्याचा कॅन उतरविला, दक्षिणेकडच्या खाडीच्या तोंडाकडे जाऊ नका म्हणून दोनदा बजावले, आणि ‘कल सुबह सात बजे’ म्हणून निघून गेला. मोटरीचा आवाज विरला. नंतर जी शांतता पसरली तशी मी आयुष्यात अनुभवली नव्हती.

काय तो किनारा! समोर पाणी दूरवर मागे हटलेले, आणि मध्ये ओल्या, घट्ट, सपाट वाळूचे असे मैदान की त्यावर क्रिकेटचा सामना भरवावा. वरच्या बाजूला दाट झाडी, समुद्री मोहाचे वाकडे बुंधे, केवड्याची बने. झाडीच्या अलीकडे वाळूवर वाळल्या पाल्यापाचोळ्याची एक नागमोडी रेघ होती. तीत काटक्या होत्या, सुके शेवाळ होते, नारळाच्या करवंट्या होत्या आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. मुले बाटल्या निरखू लागली. त्यांच्यावरची अक्षरे आपली नव्हती. काही थाई, काही ब्रह्मी. समुद्राने तीन देशांची टपालपिशवी तिथे उलटी केली होती.

आता तंबू कुठे ठोकायचा? आई त्या पाचोळ्याच्या रेघेच्या वर, झाडीच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “इथं.” मी पाहिले तर तिथे जमीन खडबडीत, मुळ्या वर आलेल्या, शंखात राहणाऱ्या खेकड्यांची वर्दळ, आणि वाळूतल्या बारीक माश्यांनी तेवढ्यात माझे घोटे फोडून काढले. खाली मात्र ती सपाट, स्वच्छ वाळू. मी म्हणालो, “आई, इथं नको. चाळीस पावलं खाली घेऊ.” ती म्हणाली, “अरे, आज अमावास्या आहे. उधाण असेल.”

आणि इथे माझ्यातला मास्तर जागा झाला.

आपल्यापैकी जे कोकणचे आहेत त्यांना ठाऊक असेल, तिथल्या माणसांचा भरतीचा एक साधा हिशेब असतो. तिथीला पाऊणने गुणायचे, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, तीनला भरती. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, त्यामुळे भरतीही पाऊण तास मागे सरकते. हिशेब शास्त्रशुद्ध आहे. हा हिशेब मला आईनेच लहानपणी शिकविला होता. मी बोटे मोडून दाखविली. अमावास्या म्हणजे पंधरा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. तेव्हा भरती रात्री सव्वाअकराला. “आपण दहापर्यंत जागे आहोतच. पाणी कुठवर येतंय ते बघू आणि वाटलं तर हलू. शिवाय,” आणि हे मी पुस्तकात वाचून गेलो होतो, “मुंबईला उधाण चार-साडेचार मीटर चढतं, इथं जेमतेम दोन. निम्म्याहून कमी! काळजीचं कारण नाही.”

आई काही बोलली नाही. तिने फक्त आपली वळकटी उचलली आणि वर मोह्याचा एक आडवा बुंधा होता त्यावर नेऊन ठेवली. पत्नीने विचारले तर म्हणाली, “मला बसायला बरं पडेल.”

आम्ही तंबू ठोकला. पाण्याचा कॅन गार राहावा म्हणून तंबूच्या पुढे वाळूत अर्धा पुरला आणि मुलांना सोपे जावे म्हणून त्याचे झाकण सैल ठेवले. ही युक्तीही माझीच. साडेपाचला सूर्य गेला. डब्यातले जेवण झाले, घरून आणलेल्या गूळपोळ्या निघाल्या. आकाशात चंद्र नव्हता आणि ताऱ्यांची अशी गर्दी होती की मुलाने मोजायला घेतले आणि मोजता मोजता तंबूत जाऊन झोपी गेला. थोड्या वेळाने मुलगी. मग दिवसभराच्या उन्हाने दमलेली पत्नी. आणि श्रोतेहो, दहापर्यंत जागा राहणारा मीही, जरा पाठ टेकतो म्हणून आत गेलो.

मला जाग आली ती आईच्या हाकेने. हाक म्हणजे ओरडणे नव्हते. ती तंबूच्या दाराशी उभी होती आणि माझा पाय हलवीत होती. “ऊठ. पोरांना उचल. पाणी आलंय.” मी घड्याळ पाहिले, सव्वानऊ. माझ्या हिशेबाप्रमाणे भरतीला अजून दोन तास होते! मी तसे म्हणालोसुद्धा, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण म्हणालो. त्याच क्षणी तंबूच्या कापडाखालून थंड पाण्याची जीभ आत आली आणि माझ्या कोपराला लागली.

पुढची पंधरा मिनिटे मला सलग आठवत नाहीत. मुलाला खांद्यावर टाकून मी वर पळालो, तो झोपेतच होता. मुलगी पिशव्या ओढत होती. पत्नी खुंट्या उपटत होती. आई मध्ये उभी राहून बॅटरीचा झोत धरून होती, आणि तो झोत तिच्या हातात जराही हलत नव्हता. एक लाट गुडघ्यापर्यंत आली आणि मागे फिरताना पायांखालची वाळू ओढून घेऊन गेली. समुद्र खवळलेला नव्हता. तो शांत होता, आणि म्हणूनच भय वाटले. तो आपल्या कामाला आला होता, आम्ही त्याच्या वाटेत होतो. मुलगी एकदम म्हणाली, “बाबा, पाय बघा.” पाण्यात पाऊल हलले की निळसर ठिणग्या उडत होत्या. त्या समुद्रात प्रकाशणारे सूक्ष्म जीव असतात, अंधाऱ्या रात्री ते दिसतात. एवढ्या सुंदर दृश्याकडे मी इतक्या रागाने कधीच पाहिले नसेल.

सगळी माणसे वर आली. एक चप्पल, एक सतरंजी आणि मुलाची पाटीवजा वही समुद्राने नेली. त्याचे काही नाही. पण कॅन! तो आडवा होऊन लाटेत लोळत होता, सैल झाकण निघून गेले होते. मी ओढून आणला आणि ओंजळभर चाखून पाहिले. खारट. वीस लिटर पाणी, आणि त्यातला घोटसुद्धा घेण्यासारखा नाही. पाच माणसांपाशी उरल्या दोन बाटल्या, त्यांतली एक अर्धी. सकाळी सातपर्यंत बेटाच्या त्या बाजूला दुसरे कोणी नाही, आणि अंधारात मुलांना घेऊन दोन तासांची जंगलवाट धरण्यात शहाणपण नव्हते.

मृत्यूची छाया वगैरे काही पडली नव्हती. नऊ-दहा तास तहान काढून कोणी मरत नाही. पण रात्री तीनच्या सुमारास मुलगा जागा होऊन “पाणी” म्हणाला आणि मी बाटलीच्या बुचात मोजून त्याला दिले, तेव्हा माझ्या गणिताची जी किंमत मला कळली, ती कोणत्याही परीक्षकाने कधी कळविली नव्हती.

मुले झोपल्यावर मी आईजवळ त्या बुंध्यावर जाऊन बसलो. भरती दहाच्या सुमारास पुरी झाली होती आणि पाणी आता मागे सरत होते. मी विचारले, “तुला माहीत होतं, तर भांडली का नाहीस?” ती म्हणाली, “तुझं शिकलेलं गणित, म्हटलं बघू. कदाचित इथला समुद्र वेगळा असेल, मला काय ठाऊक? मी इथं कधी आलेय?” मग थोडे थांबून म्हणाली, “पण पोरं आत होती, म्हणून मी निजले नाही.”

म्हणजे संध्याकाळी सहापासून ती बाई त्या बुंध्यावर बसून पाणी पाहत होती.

सकाळी सातला डोंगी आली. डोंगीवाल्याने आमची चेहरेपट्टी पाहिली, ओला तंबू पाहिला, काही न विचारता होडीतून शहाळी काढली आणि कोयत्याने भराभर फोडून दिली. मुलांचे पिऊन झाल्यावर मी त्याला भरतीची वेळ, तिथी, पाऊणकी सगळे समजावून सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि त्या पाचोळ्याच्या रेघेकडे बोट दाखविले. “पत्ता देखना था, साब. घड़ी नहीं.”

चूक कुठे झाली, हे मी नंतर सवडीने शोधले, कारण सवय जात नाही. चुका दोन होत्या. पहिली अशी, की पाऊणकीचा हिशेब खरा, पण तो सुरू कुठून करायचा हे प्रत्येक बंदराचे वेगळे असते. चंद्र डोक्यावर आल्यावर किती वेळाने भरती पुरी होते, हे समुद्राची खोली, किनाऱ्याचा आकार, आजूबाजूची बेटे यांवर ठरते. रत्नागिरी-मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्येची भरती साडेअकरा-बाराच्या आसपास येते म्हणून तो पाढा तिथे जुळतो. अंदमानात ती त्याच्या दीड-दोन तास आधी येते. रोजची पाऊण तासाची चाल दोन्हीकडे तीच, आरंभ वेगळा. मी कोकणचा आरंभ खिशात घालून बंगालच्या उपसागरात गेलो होतो. दुसरी चूक याहून लाजिरवाणी, कारण ती भूमितीची. दोन मीटर पाणी चढते म्हणजे उभे दोन मीटर. पण किनारा आडवा असतो. वीस पावलांना एक पाऊल असा मंद उतार असेल तर दोन मीटर चढणारे पाणी चाळीस मीटर आत येते. उंची मोजली आणि उतार विसरलो. ही चूक नववीतल्या मुलाने केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

आणि या दोन्ही प्रश्नांचे उत्तर तिथे वाळूवर आधीच लिहिलेले होते. आदल्या उधाणाने स्वतःच्या हाताने काढलेली रेघ. ती वाचायला ना तिथी लागते ना पाढा.

दुसऱ्या रात्री आम्ही त्या रेघेच्या वर झोपलो, मुळ्यांवर, माश्यांच्या सोबतीने. परत जावे, असे पत्नीचे मत होते आणि ते योग्यच होते, पण मुलांनी ऐकले नाही. त्या रात्री प्रतिपदा होती. उधाण पुष्कळदा अमावास्येपेक्षा एक-दोन दिवसांनी अधिक चढते, हेही मला नंतर कळले. पावणेअकराला आम्ही पाचही जण बुंध्यावर ओळीने बसलो होतो. पाणी आले, आले, आणि पाचोळ्याच्या रेघेखाली टीचभर अंतरावर थांबले. नंतर मागे वळले. मुलाने टाळ्या वाजविल्या. आई हसली नाही, तिने नुसती मान हलविली, जुनी ओळख पटल्यासारखी.

परतीच्या वाटेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. लाँग आयलंडहून लहान होडीने तिवरांच्या खाडीतून येराट्याला आणि तिथून मध्य अंदमानातल्या रंगतला येता येते. रंगतहून पोर्ट ब्लेअरला जायला दोन मार्ग होते. एक समुद्राचा. दुसरा मोठ्या सडकेचा, आणि ती सडक जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जाते. जारवा हे अंदमानचे मूळचे लोक, आज काही शेच उरले आहेत. त्यांच्या रक्षणासाठी १९५६ पासून कायदा आहे. ही सडक त्या जंगलातून बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता, तरी तिच्यावरून गाड्यांचे तांडे जात राहिले. आणि खरे बोलायचे तर त्या गाड्यांतले कित्येक जण चुनखडीच्या गुहा पाहायच्या म्हणून निघतात आणि डोळे जंगलाकडे लावून बसतात. सडकेने गेलो असतो तर आमचा वेळ वाचला असता. हॉटेलवाल्याने डोळे मिचकावून सांगितले, “नसीब अच्छा हो तो दिख भी जाते हैं.” मुलगी रात्री म्हणाली, “बाबा, आपण त्या दिवशी ओले, घाबरलेले बसलो होतो, तेव्हा कोणी गाडीतून आपल्याला बघायला आलं असतं तर?” आम्ही बोटीची तिकिटे काढली. सडकेने जाणाऱ्या प्रत्येकाला मी दोष देत नाही. तिथल्या रहिवाशांना आजाऱ्याला घेऊन इस्पितळात जायचे तर दुसरा मार्ग कुठला? पण आम्हाला कसली घाई होती?

बोटीवर आईच्या शेजारी एक वयस्क बंगाली बाई बसल्या होत्या. आईला बंगाली येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि दोघींचे हिंदी सारखेच मोडके. तरी तीन-चार तास गप्पा चालल्या. मी कान दिला तर विषय २००४ चा होता. लिटल अंदमानवरच्या ओंगी लोकांची गोष्ट त्या बाई सांगत होत्या. ती पुढे मीही वाचली, आणि ती खरी आहे. धरणी हलली आणि पाणी मागे हटले तसे ते लोक उंचावर निघून गेले आणि वाचले. अक्षरओळख नसलेले लोक. आई ऐकत होती, मध्येच माझ्याकडे पाहत होती. मी दुसरीकडे पाहिले.

हे सगळे आज सांगण्याचे कारण, उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे आणि आपल्या गावातून दोन-तीन गाड्या तरी कोकणात आणि गोव्यात समुद्रावर जातील. मुलांना न्या, जरूर न्या. भीती घालू नका. पण गाडीतून उतरल्यावर फोटो काढण्याआधी पाच मिनिटे वाळूवर चालून ती रेघ कुठे आहे ते त्यांना शोधायला लावा. गावातला कोळी भेटला तर त्याला विचारा, आणि तो सांगेल ते आपल्या पाठांतरापेक्षा वरचे माना.

आई २०२२ च्या पावसाळ्यात गेली. तिच्या मागे तिची पेटी आवरताना तळाशी त्या बोटीचे तिकीट निघाले, आणि त्याच्या पाठीवर तिच्या हातची अक्षरे होती. मला वाटले काही आठवण लिहिली असेल. लिहिले होते, “अंदमान. अमावास्या, रात्री दहा. प्रतिपदा, पावणेअकरा.” आरंभ तिने तिथेच टिपून घेतला होता. गेल्या दिवाळीत आम्ही तिच्या माहेरगावी गेलो, तेव्हा मुलाने, जो आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे, सामान उतरवायच्या आधी सगळा किनारा एकट्याने फिरून पाहिला, आणि सुरूच्या झाडांखाली, मुळ्यांच्या त्या खडबडीत जागी, पाठीवरची पिशवी टाकून आम्हाला हाक मारली, “इथं.”